अण्णांच्या स्प्लेंडरवरची अठरा वर्षांची स्टिकरं

नवीन स्टीलचं ताट घरी आलं की आमची आई त्यावरचं स्टिकर कधीच नखाने काढत नाही. गॅस बारीक करते, ताट सांडशीत धरून मागच्या बाजूने आच देते, मनातल्या मनात दहा मोजते आणि मग एक कोपरा चिमटीत धरून अख्खं स्टिकर असं सोलते की खाली डिंकाचा ठिपका राहत नाही. हे मी लहानपणापासून शंभरदा बघितलंय, आणि तरी गाडीवरचं स्टिकर काढायची पहिली वेळ आली तेव्हा मी काय केलं असेल, तर थिनर आणला. ते प्रकरण पुढे सांगतो, आधी आत्ताचं.

तर अण्णांची स्प्लेंडर. २००७ ची, काळी, टाकीवर अजून हिरो होंडा असंच लिहिलेलं. अण्णांनी गुडघ्यामुळे गाडी सोडली आणि ती भाच्याला द्यायची ठरली, कारण त्याचं कॉलेज आता गावापासून अकरा किलोमीटर. भाचा म्हणाला, मामा, गाडी भारी आहे पण तिच्यावर एवढं काय काय चिकटवलंय की कॉलेजात मला सगळे काका म्हणतील. मोजली तर चौदा निघाली. ऑफिसच्या पार्किंगची तीन एकावर एक लावलेली, पतसंस्थेचं एक, गणपती मंडळाला वर्गणी दिली म्हणून पोरांनी लावून गेलेली दोन (विचारलं पण नसणार त्यांनी), ऑइलच्या कंपनीचं एक जे गॅरेजवाला फुकट लावतो, मागच्या मडगार्डवर दोन निवडणुकांची, पक्ष विचारू नका, पुढे डूमवर, म्हणजे हेडलाइटभोवतीच्या कव्हरवर, 'आईची कृपा' रेडियममध्ये, टाकीवर विठ्ठल, आणि बाकी फुटकळ. वर दर दसऱ्याला टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं जायचं ते वेगळंच.

रेडियम म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की गंमत होते. आपल्याकडे स्टिकर कापून देणारा तो रेडियमवाला, पण त्याच्या दुकानात रेडियम औषधालाही नसतं. जुन्या काळी घड्याळाच्या काट्यांना अंधारात चमकणारा रंग असायचा त्यात खरंच रेडियम असायचं, ते नाव तिथून चिकटलं असावं. आताचं रेडियम म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा, आणि चमकणारं असेल तर त्यात काचेचे बारीक मणी, हेडलाइटचा उजेड परत फेकणारे. ज्यात मणी असतात तो प्रकार जाड आणि ठिसूळ असतो, आणि काढताना सगळ्यात जास्त रडवतो तोच.

आता थिनरचं प्रकरण. २०१४ साली माझ्याकडे एक सेकंडहँड पल्सर होती, आधीच्या मालकाने साइड पॅनेलवर कवटी वगैरे लावलेली. ती काढली, खाली काळपट डिंक राहिला. ओळखीच्या एका पेंटरने सांगितलं, थिनर मार की, दोन मिनिटांचं काम. मारला. डिंक गेला हे खरं, पण फडक्यावर डिंकाबरोबर निळा रंग पण आला, आणि मी आपला धूळ निघतेय धूळ निघतेय करत अजून जोरात घासत बसलो. मग तेच फडकं हेडलाइटवरचं एक बारकं स्टिकर होतं त्याला लावलं, तर प्लास्टिक पांढुरकं पडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. पॅनेलचा रंग आणि नवीन हेडलाइट मिळून जो खर्च झाला त्यात त्या काळी चांगलं हेल्मेट आलं असतं. चूक पेंटरची नाही म्हणत मी, त्याचं काम रंग काढायचंच असतं, त्याला थिनर दिसणारच. आपण विचारायला हवं होतं की खाली रंग कुठला आहे.

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून इथे जरा थांबतो. गाडीला कंपनीत जो रंग मारतात तो भट्टीत भाजलेला असतो, लोखंडाची टाकी चांगली शंभर डिग्रीच्या वर तापवून. प्लास्टिकचे पार्ट त्यापेक्षा कमी तापमानाला, नाहीतर ते वितळतील. भाजल्यावर तो रंग आतून एकमेकांत गुंतून बसतो, परत सहजी विरघळत नाही. पण गाडी पडली, पॅनेलला ओरखडे आले आणि गॅरेजात ते परत रंगवलं, तर बऱ्याचदा स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारलेला असतो. हा रंग फक्त थिनर उडून गेल्यामुळे वाळलेला असतो, दुसरं काही झालेलं नसतं त्याच्यात. म्हणजे दहा वर्षांनी जरी त्याला थिनर लागला तरी तो परत डब्यातल्यासारखा पातळ होतो. हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारं रसायन, घालून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग असेल तर तो बराच टिकतो, पण पेंटरने कुठला मारला होता हे आठ वर्षांनी कोणाला आठवतंय?

अण्णांची गाडी २०१६ मध्ये बसस्टँडसमोर घसरली होती, डावं साइड पॅनेल परत रंगवलं होतं. मला हे माहीत नव्हतं, अण्णा खुर्चीत बसून बघत होते म्हणून त्यांनी सांगितलं. मग सीटखाली जिथे पॅनेलची आतली कडा असते, जी कोणाला दिसत नाही, तिथे कापसाच्या बोळ्याला सॅनिटायझर लावून हळूच फिरवला. कापूस काळा झाला. उजव्या पॅनेलवर तोच प्रयोग केला, कापूस पांढराच. झालं, डाव्या बाजूला पाणी, साबण आणि तेल सोडून काहीच लावायचं नाही हे तिथेच ठरलं. दोन मिनिटांचा हा प्रयोग मी २०१४ ला केला असता तर...

दुसरी गोष्ट नखाने तपासायची. स्टिकरच्या कडेवरून नख आडवं फिरवा. अडलं तर स्टिकर वर आहे, निघेल. अजिबात अडलं नाही, नुसतं गुळगुळीत गेलं, तर ते स्टिकर लॅकरच्या खाली आहे, म्हणजे कंपनीने आधी स्टिकर लावून वरून पारदर्शक थर मारलाय. ते काढायच्या भानगडीत पडू नका, ते फक्त सँडपेपरने निघतं आणि मग पूर्ण टाकी रंगवावी लागते. बऱ्याच गाड्यांच्या टाकीवरचे पट्टे असे असतात. भाच्याला हिरो होंडा पण काढायचं होतं, मी सरळ नाही म्हटलं. एक तर ती जोडी २०१० च्या शेवटी फुटली, आता त्या नावाची गाडी परत येणार नाही, आणि दुसरं म्हणजे अण्णा तिथेच बसलेले होते.

आता प्रत्यक्ष काम. सकाळी गाडी शाम्पूच्या पाण्याने धुतली, हे टाळू नका, कारण स्टिकरच्या कडेला जी माती बसलेली असते ती फडक्याखाली आली की तीच सँडपेपर होते. मग गाडी उन्हात लावली. साताऱ्याचं एप्रिलचं ऊन, काळी टाकी, अर्ध्या तासात हात ठेववेना. हे आपल्याकडचं फुकटचं यंत्र आहे आणि लोक हीट गन विकत आणतात. हीट गन आणूच नका, ती चारशे-पाचशे डिग्रीपर्यंत जाते, साइड पॅनेलवर पाच सेकंद जास्त राहिली तर प्लास्टिक पोटासारखं फुगतं. आणि टाकीत पेट्रोल असतं हे कोणी लक्षातच घेत नाही. केसांच्या ड्रायरच्या आत पण लालभडक तार असते, त्यामुळे टाकीजवळ ड्रायर सुद्धा मी वापरत नाही. टाकीला ऊन, नाहीतर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पाच मिनिटं ठेवायचं, थंड झालं की परत. ड्रायर वापरायचाच तर पॅनेल काढून घरात आणून त्यावर. स्प्लेंडरचं पॅनेल निघतंच की लगेच.

किती तापवायचं, तर हाताला चांगलं गरम लागेल पण चटका बसणार नाही इतकंच. डिंक गुळाच्या पाकासारखा असतो बघा, थंड असताना कडक, तेव्हा ओढलं तर स्टिकर फाटतं. कोमट झाला की तो स्टिकरला धरून लांबतो आणि त्याच्याबरोबर येतो. पण फार तापवला तर इतका पातळ होतो की मधूनच तुटतो, अर्धा स्टिकरला, अर्धा गाडीला, आणि मग पुढचे दोन तास तुम्ही तेच पुसत बसता. मी विठ्ठलाच्या बाबतीत हेच केलं, उन्हात गाडी लावून चहाला गेलो आणि तिथे शेजारचे काका भेटले. आल्यावर स्टिकर सुर्रकन निघालं आणि खाली अख्खी विठ्ठलाच्या आकाराची चिकट जागा. अण्णा म्हणाले, पांडुरंग जागा सोडत नाही.

ओढताना वर नाही ओढायचं. कोपरा सुटला की तो मागे दुमडून, जवळजवळ गाडीला समांतर, स्वतःवरच घडी घालत हळू हळू खेचत जायचं. सरळ वर ओढलं की सगळा जोर रंगावर येतो, आणि परत रंगवलेल्या पॅनेलवर तर स्टिकरबरोबर रंगाचा पापुद्राच उचलला जातो. कोपरा सुटतच नसेल तर बोटाचं नख, किंवा मुदत संपलेलं एटीएम कार्ड, त्यावर बनियनच्या फडक्याचा एक पदर गुंडाळून. ब्लेड नाही. ब्लेड लावताना प्रत्येकाला वाटतं की आपला हात स्थिर आहे.

कागदी स्टिकरांचा हिशोब वेगळा. ऑफिसच्या पार्किंगची ती तीन, त्यांना उष्णतेने काही फरक पडत नाही, कागद फाटत राहतो. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा आधी सोलला, मग साबणाच्या कोमट पाण्यातलं फडकं वर वीस मिनिटं. कागद लगदा होतो, अंगठ्याने गोळा होऊन येतो. खालून २०११ चं स्टिकर निघालं त्यावर अण्णांच्या हातचा गाडीचा नंबर पेनने लिहिलेला, तो तसाच वाचता येत होता.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मडगार्डवरच्या दोन निवडणुकांनी. स्वस्तातलं प्लास्टिक उन्हाने वाळून चिरा पडलेलं, नखाएवढे तुकडे निघत होते. असल्या स्टिकरला मऊ ठेवणारा जो घटक असतो तो उन्हातान्हात निघून जातो, मग ते पापडासारखं होतं. तिथे धीर धरणे हाच उपाय, एक तुकडा, गरम फडकं, परत एक तुकडा. दीड तास लागला मला. उमेदवार सोडा, त्याच्या हातातलं चिन्हसुद्धा सुटायला तयार नाही.

पॅनेलवर जाड उठावदार अक्षरं असतात ती, ज्याला आपण मोनोग्राम म्हणतो, ती खाली स्पंजच्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर असतात. ती उचकटायची नाहीत, मोडतात. मासे पकडायचा नायलॉनचा दोरा किंवा दात साफ करायचा फ्लॉस घ्या आणि करवतीसारखा मागेपुढे करत टेप कापत जा. त्याआधी पॅनेल उलटं करून बघा मागून खिळ्या आहेत का, काही मोनोग्राम भोकात बसवलेले असतात, मग दोऱ्याने काहीच होत नाही, नुसता राग येतो.

आता राहिला डिंक. इथे लोक सगळं बिघडवतात कारण स्टिकर निघालेलं असतं, जेवायची वेळ झालेली असते आणि हा चिकटा जात नसतो. माझा नियम एकच, सगळ्यात मवाळ वस्तू आधी, नाही जमलं तरच पुढची. आणि गाडी सावलीत आणून, पत्रा थंड झाल्यावर. तापलेल्या पत्र्यावर काहीही लावलं तर ते डिंकात मुरायच्या आधीच उडून जातं आणि डाग ठेवतं.

पहिलं, खोबरेल. हसू नका. कापसाला लावून डिंकावर ठेवायचं आणि अर्धा तास विसरायचं, मग अंगठ्याने गोल गोल. डिंकाच्या गोळ्या होऊन येतात. रंगाला कसलाही धोका नाही, म्हणून डावं पॅनेल मी पूर्ण खोबरेलवरच काढलं, तीन वेळा लावावं लागलं. दुसरं निलगिरीचं तेल, सर्दीचं म्हणून घरात बाटली असतेच, ते खोबरेलपेक्षा पुष्कळ जोरात काम करतं, विठ्ठलाची जागा त्यानेच सुटली. पण त्याचा जोर असतो म्हणून ते लावून चहाला जायचं नाही, मिनिटभरात पुसून घ्यायचं, आणि परत रंगवलेल्या भागावर नाही. तिसरं ते कोविडच्या वेळचं सॅनिटायझर, २०२० ची एक मोठी बाटली आमच्या कपाटात होतीच (कोणाच्या नाहीये?). त्यात अल्कोहोल असतं, काही डिंक तेलाला दाद देत नाहीत पण अल्कोहोलने सुटतात, पारदर्शक टेपचा डिंक बऱ्याचदा तसला असतो. हेडलाइटच्या काचेवर मात्र नाही, ती काच नसते, प्लास्टिक असतं, तिथे फक्त तेल आणि साबण.

घासलेट पूर्वी सगळ्यात सोपं होतं, रेशनवर मिळायचं, गॅरेजात तर अजून वापरतात. काम उत्तम करतं, कंपनीच्या भाजलेल्या रंगाला पटकन पुसलं तर काही होत नाही. आता घरी सहजी मिळत नाही म्हणून लोक डब्ल्यूडी-४० नावाचा स्प्रे मारतात, ते पण मुळात त्याच जातीचं, पाणी हटवण्यासाठी केलेला चाळिसावा प्रयत्न म्हणून ते नाव. एवढंच बघा की फवारा मारताना तो टायरवर किंवा डिस्कवर जाणार नाही. म्हणून सरळ फडक्यावर मारा, गाडीवर नाही. ब्रेकला तेल लागलं की स्टिकरचं दुःख किरकोळ वाटेल.

पेट्रोलबद्दल सगळे विचारतात कारण ते टाकीतच असतं, नळी काढली की फडकं भिजलं. डिंक जातो, पण रंग निस्तेज होतो, परत रंगवलेलं असेल तर सुरकुततं, आणि मुख्य म्हणजे हातात पेट्रोलचं फडकं आणि बाजूला कोणीतरी बिडी ओढत उभा, हे चित्र मी आमच्या गल्लीत बघितलंय. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, भांड्याची हिरवी घासणी, टूथपेस्ट, यांच्याबद्दल काय सांगू, वर पल्सर वाचलीच तुम्ही. आणि तुमच्याकडे मॅट रंगाची गाडी असेल तर कशानेही जोरात घासू नका, पॉलिश तर नाहीच, मॅट जागा एकदा चमकली की ती परत मॅट होत नाही.

डिंक गेला की भांड्याच्या लिक्विडच्या पातळ पाण्याने तेल धुवून टाकायचं, नाहीतर दुपारपर्यंत सगळी धूळ तिथेच.

आणि मग दिसलं ते ज्याची मला कल्पना होती पण इतकी नव्हती. विठ्ठलाच्या जागी विठ्ठल तसाच. कमरेवर हात ठेवून, आजूबाजूच्या काळ्यापेक्षा जास्त काळा. स्टिकरखालचा रंग २००७ चा आहे, बाकी टाकीने अठरा उन्हाळे खाल्लेत, तिचा रंग फिका आणि भुरकट झालाय. याला डाग म्हणून घासत बसणारे लोक मी बघितलेत, तो डाग नसतोच, खराब बाकीची टाकी असते. बारीक पॉलिश घेऊन बाकीच्या टाकीवरचा मेलेला थर हलक्या हाताने काढला तर फरक कमी होतो. रबिंग कंपाऊंड जाडंभरडं असतं ते नको, वरचा पारदर्शक थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, तो एकदा संपला की संपला. टाकीच्या उठावाच्या कडांवर तर पॉलिशसुद्धा जपून, रंग तिथे आधीच पातळ बसलेला असतो. मी दोन हात मारले आणि थांबलो. आता तिरप्या उन्हात बघितलं तर विठ्ठल दिसतो, समोरून नाही. डूमवरचं 'आईची कृपा' पण तसंच, फक्त 'कृपा' जास्त स्पष्ट.

कुंकवाचं मात्र काही होऊ शकलं नाही. काळ्यावर लाल दिसत नाही, पण दरवर्षी तेलात कालवून काढलेलं ते स्वस्तिक बोटाला हलकंसं खरखरीत लागतं. बहिणीच्या पांढऱ्या स्कूटरवर तर दसऱ्याचं स्वस्तिक पुढच्या दसऱ्यापर्यंत गुलाबी दिसत असतं. यंदापासून आम्ही आधी टाकीवर मेण लावणार, मग कुंकू, आणि संध्याकाळी पुसून टाकणार. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

नंबर प्लेटचं थोडक्यात. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून हिला पण नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली, जुनी रेडियमवाली गेली. नवीन प्लेटवर काही चिकटलं तर फक्त साबणपाणी, तिच्या अक्षरांवरची फिल्म आणि कोपऱ्यातला होलोग्राम तेला-अल्कोहोलने घासायच्या वस्तू नाहीत. आणि मुळात तिच्यावर काही चिकटवायचंच नाही. ४१४१ चा 'दादा' आणि २१४ चा 'राम' करायचे दिवस गेले, ते करणारा आमच्या इथला रेडियमवाला आता मोबाइलची कव्हरं विकतो.

गाडी रविवारी भाच्याला दिली. बुधवारी त्याचा फोन, मामा, टाकीवर एक छोटंसं लावू का, फक्त एक. मी म्हटलं लाव, पण कास्ट व्हायनल माग, म्हणजे स्टिकरचं चांगल्यातलं प्लास्टिक, महाग असतं पण फारसं आक्रसत नाही, काही वर्षांनी सुद्धा बहुतेक एका तुकड्यात निघतं. आणि डाव्या पॅनेलवर नको, तो रंग कच्चा आहे. तो म्हणाला, डाव्यावरच लावलंय.